हुतूतूच्या रेघा कोणी आखल्या?



पावसाळ्यात पोशीर नदी भरून वाहू लागली की आमच्या बाजूची पोरे शाळा सुटल्यावर सरळ घरी येत नाहीत. नेरळहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आजूबाजूला बारीकसारीक टेकाडे आहेत. त्यांच्या निसरड्या उतारावर कोणी गोणपाट टाकतो, कोणी केळीचा सोप घेतो. त्यावर बसायचे, पाय पुढे सोडायचे आणि खालच्या खाचरापर्यंत सुसाट यायचे. घरी गेल्यावर चड्डी पाहून आई पाठीत धपाटा घालते, तो या खेळाचा शेवटचा डाव. मीही तो भरपूर खाल्ला आहे.

आता मौज अशी की हाच खेळ युरोपातल्या आल्प्स पर्वतात बर्फावर खेळतात. लहानशा घसरगाडीवर उताणे निजायचे, पाय पुढे, डोके मागे, आणि बर्फाच्या नळीसारख्या वळणावळणाच्या वाटेने खाली यायचे. त्याला ल्यूज म्हणतात. आज त्यातल्या खेळाडूंचा वेग ताशी १३० किलोमीटरच्या पुढे जातो आणि हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याला सुवर्णपदक मिळते. आमच्या पोराला धपाटा आणि त्यांच्या पोराला सुवर्णपदक! हा फरक कशामुळे पडला? बर्फामुळे, असे कोणीही म्हणेल. बर्फ लागतोच. पण आल्प्समध्ये बर्फ हजारो वर्षे होता आणि पोरेही घसरत होती. फरक पडू लागला तो १८८३ साली. स्वित्झर्लंडमधल्या दाव्होस गावापासून क्लोस्टर्सपर्यंत सुमारे चार किलोमीटरची शर्यत ठरली. निरनिराळ्या देशांचे लोक उतरले. एक ऑस्ट्रेलियन विद्यार्थी आणि एक क्लोस्टर्सचाच गडी असे दोघे बरोबरीने पहिले आले, आणि त्यांना सव्वानऊ मिनिटे लागली हे कोणीतरी लिहून ठेवले. आज आपण ते सांगू शकतो ते त्या लिहिण्यामुळे. पुढे १९१३ साली ड्रेस्डेनला घसरगाड्यांची पहिली आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. मध्यंतरी १९३५ पासून हा खेळ बॉबस्लेच्या संघटनेत पोटभाडेकरूसारखा राहिला, आणि १९५७ साली दाव्होसलाच त्याने आपले स्वतंत्र बिऱ्हाड थाटले. त्यानंतर सातच वर्षांनी, १९६४ साली, इन्सब्रुकच्या ऑलिंपिकमध्ये ल्यूज दाखल झाला.

म्हणजे खेळ हा दोन ठिकाणी जन्म घेतो. एकदा उतारावर, पोरांच्या अंगात. आणि दुसऱ्यांदा एखाद्या खोलीत, चारदोन माणसे कागद घेऊन बसतात तिथे. पहिल्या जन्माच्या गोष्टी आपण आवडीने सांगतो. दुसऱ्या जन्माचे इतिहास फारसे कोणी लिहीत नाही, कारण त्यात सभा, ठराव, वर्गणी आणि भांडणे असतात. आज मला त्या दुसऱ्या जन्माविषयी बोलायचे आहे. आणि तेही ल्यूजच्या नव्हे, आपल्या हुतूतूच्या.

तत्पूर्वी एका भारतीय घसरगाडीवाल्याची हकीकत सांगितलीच पाहिजे, कारण तिच्यावाचून माझा मुद्दा कळायचा नाही. शिवा केशवन हा हिमाचलातल्या मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा मुलगा. १९९८ साली जपानमधल्या नागानोला हिवाळी ऑलिंपिक झाले, त्यात सोळा वर्षांचा हा मुलगा भारताचा एकुलता एक खेळाडू होता. आपल्या देशात ल्यूजची कृत्रिम बर्फवाट नाही. मग त्याने काय करावे? घसरगाडीला चाके लावून हिमालयातल्या घाटरस्त्यावरून, ट्रक आणि मेंढरांच्या मधून सराव करायचा. असा हा गडी एकामागून एक सहा ऑलिंपिक खेळला, १९९८ पासून २०१८ पर्यंत. आशियाई अजिंक्यपदेही मिळवली. पण २०१४ साली रशियात सोचीला तो उतरला तेव्हा त्याच्या हाती तिरंगा नव्हता. कारण काय? आपल्या ऑलिंपिक संघटनेच्या निवडणुकांतल्या गोंधळामुळे आंतरराष्ट्रीय समितीने डिसेंबर २०१२ मध्ये तिला निलंबित केले होते. खेळाडूने काहीही वावगे केले नव्हते. त्याची शर्यत संपली आणि अवघ्या दोन दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, निलंबन उठले. घाटातले ट्रक त्याने चुकवले. कागदावरचा खड्डा त्याला चुकवता आला नाही.

संघटना नसली तर खेळाडू एकटा पडतो, आणि संघटना बिघडली तर तो एकटा पडतोच, शिवाय अपमानितही होतो. ही दोन टोके ध्यानात ठेवा. आता आपण आपल्या खाचरात येऊ.

भात कापून झाले, भारे खळ्यावर गेले, की एखादे खाचर मोकळे राहते. ढेकळे फोडायची, चोपणे फिरवायचे, फक्कीने रेघा मारायच्या, आणि दिवस कलला की दोन्ही बाजूंना गडी उभे. आमच्या कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात असे गाव विरळाच, जिथे कबड्डीचा संघ नाही. आज तिला कबड्डी म्हणतात. आमच्या आजोबांच्या तोंडी हुतूतू हाच शब्द होता. ते सांगत, की त्यांच्या तरुणपणी शेजारच्या गावाबरोबरचा सामना बहुधा पुराच होत नसे. आपल्याकडे बाद झालेला गडी, पुढचा प्रतिस्पर्धी बाद झाला की पुन्हा जिवंत होऊन आत येई. त्या गावात मेला तो मेला, शेवटपर्यंत बाहेर. मग अर्ध्या डावात कोणी आत जाऊ लागला की आरडाओरडा. तुमचा नियम की आमचा? शेवटी एक म्हातारा मध्ये पडायचा आणि दोन्ही संघ गूळ-खोबरे खाऊन घरी जायचे.

ही हकीकत एका तालुक्याची नाही. साऱ्या देशात हाच घोळ होता. मद्रासकडे याच खेळाला चेडुगुडु म्हणत, बंगालात हाडुडु, उत्तरेत कबड्डी, आपल्याकडे हुतूतू. जाणकारांनी पुढे त्याचे तीन प्रकार पाडले. बाद गडी परत येतो तो संजीवनी. बाद झालेला परत येत नाही तो गामिनी. आणि बाद होऊनही गडी आतच राहतो, फक्त गुण मोजायचा, तो अमर. नावे मोठी सुरेख आहेत. कोणा पुराणिकाने ठेवली असावीत असे वाटते. पण नावे ठेवली म्हणजे भांडण मिटले असे नव्हे. कोणता प्रकार खेळायचा हे कोणी तरी ठरवायला हवे होते, आणि ते साऱ्यांनी मानायला हवे होते. या 'मानण्या'तच सगळी गोम आहे. नियम लिहिणे सोपे. दुसऱ्या गावाने ते मानावे एवढी पत कमावणे कठीण.

ही पत कमावण्याचे काम ज्या मंडळींनी केले ती मुख्यतः तीन गावांत होती : पुणे, बडोदे आणि अमरावती.

पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना निघाला. जिमखाना हा शब्द तेव्हा साहेबी होता. तिथे क्रिकेट, टेनिस, बिलिअर्ड चालायचे. या पुणेकरांनी शब्द साहेबाचा घेतला आणि त्यात देशी खेळही बसवले. १९१४ साली त्यांनी खोखोचे नियम ठरवण्यासाठी समिती नेमली. खोखोसारख्या पोरासोरांच्या खेळासाठी शिकलेली, पागोटेवाली माणसे समिती नेमून बसतात, याचे त्या वेळी अनेकांना हसू आले असेल. आज त्या खोखोची विश्वचषक स्पर्धा २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला झाली आणि पुरुष व महिला दोन्ही गटांत आपण जिंकलो, तेव्हा त्या समितीची कोणाला आठवण झाली की नाही कोण जाणे.

याच डेक्कन जिमखान्याच्या मैदानाची आणखी एक गोष्ट शिक्षकबंधूंनी वर्गात जरूर सांगावी. जिमखान्याच्या शर्यती पाहायला सर दोराबजी टाटा येत. अनवाणी धावणारी साधी शेतकरी मुले लांब पल्ल्याची अंतरे कापताना पाहून त्यांच्या मनात आले, की यांना ऑलिंपिकला का धाडू नये? आणि १९२० साली बेल्जममधल्या अँटवर्पला भारताचा संघ गेला, पुष्कळसा खर्च टाटांनी स्वतः सोसला. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. कुस्तीत रणधीर शिंदे चौथ्या स्थानापर्यंत पोचले. देशाला ऑलिंपिक संघटना मिळाली ती पुढे, या धडपडीतून. माणसे आधी गेली, कचेरी मागाहून झाली. आपल्याकडे बहुधा असेच होते. १९५२ साली कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीला गेले तेही लोकांनी जमवलेल्या वर्गणीच्या बळावर, आणि त्यांनी स्वतंत्र भारताला कुस्तीतले कांस्यपदक आणून दिले. असो, मी हुतूतूकडे वळतो.

बडोदे ही सयाजीरावांची राजधानी. तिथे आखाड्यांना राजाश्रय होता आणि मराठी माणसांची वस्तीही मोठी. तिथल्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली हुतूतूचे नियम छापून प्रसिद्ध केले, आणि त्या सुमारास तिथे अखिल भारतीय स्वरूपाच्या स्पर्धाही भरवल्या. छापले, हे महत्त्वाचे. तोंडी नियम नदीच्या पाण्यासारखा. दर गावाला वळण घेतो. छापील नियम पोस्टाने जातो. सातारच्या मास्तरला आणि खानदेशातल्या मास्तरला तोच कागद मिळतो, आणि दोघे एकमेकांना न पाहता एकच खेळ शिकवू लागतात. बडोद्याच्याच आबासाहेब मुजुमदारांनी पुढे 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत काढला. ज्यांच्या शाळेच्या कपाटात त्याचा एखादा खंड धूळ खात पडला असेल त्यांनी तो झटकून चाळावा.

अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. 'प्रसारक' हा शब्द पाहा. आखाडा म्हणजे स्वतःचे शरीर कमावण्याची जागा. प्रसारक मंडळ म्हणजे दुसऱ्याला शिकवायला माणूस तयार करण्याची जागा. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांनी यावे, शिकून जावे आणि आपापल्या गावी वर्ग सुरू करावेत. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरले, त्या वेळी याच मंडळाचे पथक तिथे गेले आणि त्याने देशी व्यायामप्रकारांची व खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. हुतूतूने सातासमुद्रापलीकडची माती पाहिली ती तेव्हा. हिटलरच्या त्या जर्मनीत आपल्या वैदर्भी मुलांनी मांडीवर शड्डू ठोकून दम घुमवला असेल, त्याचे त्या गोऱ्या प्रेक्षकांना काय वाटले असेल!

याच काळात अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांची घडी बसवली. १९३० नंतरच्या दशकात मंडळाने हुतूतू, खोखो वगैरे खेळांचे नियम एकत्र केले, पुस्तके छापली, पंच तयार केले. हुतूतूपुरते बोलायचे तर संजीवनीने बाजी मारली. बाद गडी परत येऊ शकतो, आणि सारा संघ बाद केला तर लोण. माझ्या मते निवड उत्तम होती. गामिनीत चांगला गडी आरंभीच बाद झाला की तो सारा वेळ मांडी घालून बसणार, आणि लोक घरी जाणार. संजीवनीत हरणाऱ्यालाही शेवटपर्यंत आशा राहते. नियम करणाऱ्यांना खेळाबरोबर प्रेक्षकाचीही नाडी कळावी लागते, ती या मंडळींना कळली होती.

१९३८ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय खेळांत आपला खेळ दाखल झाला. स्वातंत्र्यानंतर १९५० साली अखिल भारतीय महासंघ निघाला. १९५२ साली मद्रासला पुरुषांचे आणि १९५५ साली कलकत्त्याला महिलांचे राष्ट्रीय सामने झाले. आणि इथे एक घटना घडली. तिचे मला अजून थोडे वाईट वाटते. साऱ्या देशाने एकत्र खेळायचे तर नाव एकच हवे. ते 'कबड्डी' ठरले. नियमांचा सांगाडा पुष्कळसा महाराष्ट्राचा, नाव मात्र उत्तरेचे. एकीसाठी कोणी तरी काही तरी सोडावे लागते, आपण नाव सोडले. सौदा तोट्याचा झाला असे म्हणता येत नाही, तरी पण 'हुतूतू' म्हणताना ओठांचा जो चंबू होतो आणि दम जसा लांबतो, तसा 'कबड्डी'त लांबत नाही, हे आमच्याकडचा कोणताही म्हातारा शपथेवर सांगेल.

आता ज्यांनी या खेळासाठी आयुष्य वेचले त्या शंकरराव तथा बुवा साळवींचे नाव घेतले पाहिजे. मुंबईतले हे कार्यकर्ते महाराष्ट्राच्या संघटनेत होते, देशाच्या होते, पुढे आशियाच्याही. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. कार्यकर्ता म्हणजे काय चीज असते ते पुस्तकात वाचून कळत नाही. सामन्याच्या आदल्या रात्री मैदानावर पाणी मारायचे, खांबावर दिवे बांधायचे, बाहेरगावच्या संघांची निजण्याची सोय शाळेत करायची, पंच आला नाही तर स्वतः शिट्टी घ्यायची, आणि सकाळी पुन्हा कामावर जायचे. लालबाग, परळ, प्रभादेवी, नायगाव या गिरणगावातल्या चाळींमध्ये अशी माणसे शेकड्यांनी होती. त्यांतली बरीचशी आपल्या कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी गेलेली. गावचा खेळ त्यांनी वळकटीत बांधून मुंबईला नेला, तिथे त्याला मंडळ मिळाले, जर्सी मिळाली, आणि गणपतीला, होळीला तो सुधारून परत गावी आला. १९५३ साली स्थापन झालेल्या कामगार कल्याण मंडळानेही कामगारांच्या स्पर्धा भरवल्या. १९७२ साली सदानंद शेट्ये यांना कबड्डीतला पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले आणि गिरणगावाची ती रात्रीची मैदानेही बरीच ओस पडली. इतिहासकार संपाचा हिशेब मांडताना मजुरी आणि चात्या मोजतात. कबड्डीचे संघही कोणी तरी मोजायला हवेत.

नियमांच्या त्या जुन्या पुस्तकात मैदानाविषयी एक कलम होते, ते मला फार आवडते. मैदान सपाट व मऊ असावे. माती, खत आणि लाकडाचा भुसा यांचे केलेले असावे. महासंघाच्या छापील नियमात खत! ज्यांनी हे लिहिले त्यांनी खाचर पाहिले होते यात शंका नाही. पुढे बंदिस्त सभागृहे आली, रबरी गाद्या आल्या, आणि माती मागे पडली. १९७२ साली महासंघाची नव्याने उभारणी झाली, १९७८ साली आशियाई महासंघ झाला, १९८० साली आशियाई अजिंक्यपदाचे सामने कलकत्त्याला झाले, १९८२ साली दिल्लीच्या एशियाडमध्ये प्रात्यक्षिक झाले आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डी पदकाचा खेळ म्हणून आली. सुवर्ण आपल्याला, रौप्य बांगलादेशाला, कांस्य पाकिस्तानला. २०१० पासून महिलांचीही पदके सुरू झाली. आणि २००७ साली विश्वचषक स्पर्धा झाली ती कुठे? लंडन-पॅरिसला नव्हे, आपल्या शेजारी, पनवेलला. रायगड जिल्ह्यात! तिथे भारताने इराणला हरवून चषक राखला.

इराणचे नाव आले आहे तर थोडे थांबतो, कारण संघटनेचे बळ काय असते ते इराणने आपल्याला शिकवले. २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई खेळांत इराणने आपल्या पुरुषांना उपांत्य फेरीतच बाहेर काढले. आणि महिलांच्या अंतिम सामन्यात इराणच्या मुलींनी आपल्या मुलींवर २७-२४ असा विजय मिळवला. वाईट वाटले ना? मलाही वाटले. पण त्या इराणी मुलींना शिकवणाऱ्या प्रशिक्षक कोण होत्या? नाशिकच्या शैलजा जैन! महाराष्ट्रात पुष्कळ वर्षे मुली घडवलेली ही बाई परदेशात गेली आणि तिने सुवर्णपदक मिळवून दाखवले. १९२३ साली छापलेला कागद पोस्टाने कुठवर गेला पाहा. आपण लोकांना नियम दिले, शिक्षक दिले, आणि ते आपल्यापेक्षा बरे शिकले. याला पराभव म्हणावे की प्रसार, हे ज्याचे त्याने ठरवावे. वैद्य बंधूंना विचारले असते तर त्यांनी बहुधा प्रसारच म्हटले असते. २०२३ मध्ये चीनच्या हांगझौला दोन्ही सुवर्णपदके आपण परत आणली, हेही सांगून टाकतो, नाही तर रात्री तुम्हाला झोप यायची नाही.

त्याच २०१८ सालची आणखी एक गोष्ट आहे, ती जाकार्ताइतकी गाजली नाही. त्या वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने देशाच्या कबड्डी महासंघावर प्रशासक नेमला. पदे वर्षानुवर्षे एकाच घरात राहिली, निवडणूक धड झाली नाही, असा तो वाद होता. शिवा केशवनच्या हातचा तिरंगा ज्या रोगाने हिरावला, तोच हा रोग. ज्या खोलीत चार माणसांनी कागद घेऊन बसावे, तिथे चार खुर्च्या कायमच्या मांडल्या गेल्या की असे होते. २०१४ च्या जुलैपासून व्यावसायिक लीग सुरू झाली, खेळाडूंना लिलावात लाखांनी आणि आता कोटींनी पैसे मिळू लागले. जिथे मध तिथे माश्या, हे आपल्या लोकांना सांगायला नको.

पण दिल्ली दूर आहे. माझी चिंता जवळची आहे. माझ्या वर्गात एक मुलगा होता, नाव सांगत नाही. चढाईला विजेसारखा. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत दर शनिवार-रविवार कुठल्या ना कुठल्या गावच्या सामन्यात खेळायचा. घरात चषकांनी फळी वाकली होती. भरतीची वेळ आली तेव्हा कोणी तरी सांगितले, की खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत पाच टक्के जागा राखीव असतात. तो सगळे चषक पोत्यात भरून विचारायला गेला. टेबलामागच्या गृहस्थाने विचारले, "सर्टिफिकेट?" ते नव्हते. तो ज्या स्पर्धा खेळला त्या मान्यताप्राप्त नव्हत्या. त्याचे मंडळ जिल्हा संघटनेला जोडलेले नव्हते. तो जिल्ह्याच्या निवड चाचणीला कधी गेला नव्हता, कारण चाचणी कधी होते हे त्याला सांगणारे कोणी नव्हते. पोत्यातले चषक घेऊन तो परत आला. आज तो बरा कमावतो, त्याचे वाईट झाले नाही. तरी ते पोते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझे सांगणे साधे आहे. रायगड जिल्ह्याची कबड्डी संघटना आहे. गावच्या मंडळाची तिच्याकडे नोंदणी करून घ्या. मुलाच्या जन्मतारखेचा दाखला पहिल्याच वर्षी कार्यालयात द्या, म्हणजे किशोर, कुमार गटाच्या चाचण्या हुकत नाहीत. शाळेतर्फे शालेय स्पर्धांत नाव घाला. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ती शिडी आहे आणि तिची पहिली पायरी तुमच्या हातात आहे. मैदान आखताना अंदाजे पावले टाकू नका. टेप घ्या. पुरुषांसाठी लांबी १३ मीटर, रुंदी १० मीटर. मुलींसाठी १२ आणि ८. मध्यरेषेपासून निदानरेषा पुरुषांसाठी पावणेचार मीटरवर. तिच्यामागे एक मीटरवर बोनस रेषा. चढाई ३० सेकंदांची. मुलगा घरच्या मैदानावर चुकीच्या रेषेला पाय लावायला शिकला, तर चाचणीच्या दिवशी तो उगाच बाद होतो, आणि त्यात त्याचा काय दोष?

कोणी म्हणेल, मास्तर, सगळ्याच खेळांना असे कागदात बांधले तर खेळाची मौज राहील काय? प्रश्न खोटा नाही. विटीदांडू पाहा. वकट, लेंड, मूंड, नाल म्हणत मोजणारी पोरे मी लहानपणी पाहिली, दर वाडीचे मोजणे निराळे. त्याला कोणी बांधले नाही. तो मोकळाच राहिला, आणि मोकळा राहूनच आमच्या वाटेवरून नाहीसा होत चालला आहे. उलट कबड्डीला बांधले, तिचे नाव गेले, माती गेली, पण खेळ राहिला. मला दोन्हीचे वाईट वाटते आणि दोन्हींत निवडायचे झाले तर मी बांधलेला खेळ निवडतो.

आमचे एक चुलते जुन्या पिढीतले नावाजलेले गडी. २००७ साली पनवेलला विश्वचषकाचे सामने झाले तेव्हा त्यांना मुद्दाम घेऊन गेलो. दिवे, ध्वज, परदेशी संघ, सगळे त्यांनी तोंडात सुपारी धरून शांतपणे पाहिले. सामना संपल्यावर विचारले, "काका, कसा वाटला खेळ?" म्हणाले, "खेळ आपलाच आहे. रेघा पण आपल्याच आहेत." मग थोडे थांबून म्हणाले, "पण ते पोर दम घालतंय का नाही, ते मला काय ऐकू आलं नाही बाबा. पंचाला येत असंल."